हळदीचं पाणी

"त्या झाकणाला हात नका लावू," पोन्नुत्तायी गाडीतूनच म्हणाली. "मागच्या खेपेचा डाग अजून आहे मनगटावर."

तिच्या नवऱ्याने, सेवत्तय्यनने, हात मागे घेतला. कोल्लीमलई डोंगराच्या चढावर, वळणाशी, त्यांची जुनी अँबॅसडर बॉनेट उघडून फुसफुसत उभी होती. वाफ कुठली आणि धुकं कुठलं, ते कळत नव्हतं.

वर गावात तिची थोरली बहीण, अक्का, शेवटच्या घटका मोजत होती. "पोन्नूला आणा," एवढंच म्हणतेय, असा सकाळी निरोप आला होता.

"काल किती हळद टाकलीत यात?"

"मूठभर. रेडिएटर गळत होता. सगळेच टाकतात, भोकं बुजतात."

"मूठभर! सांबारातसुद्धा मी चिमूट टाकते."

तो ओशाळून हसला. "इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी या बारीक नळ्यांतून उतरतं, वारा खातं, निवून परत जातं. आता भोकांबरोबर नळ्याही बुजल्या. पाणी जागच्या जागी उकळतंय."

"मग ओता की गार पाणी."

"तापल्या लोखंडावर? तडकेल. मग चढशील का तुझ्या गुडघ्यांनी? निवू दे. गाळ सोडतो, नवं पाणी भरतो. गावापर्यंत जाईल."

पोन्नुत्तायीने मान मागे टेकली. वाफेला ओल्या हळदीचा वास येत होता. लहानपणी ओढ्याकाठी अक्का दगडावर हळद उगाळायची, थंडगार बोटांनी तिच्या गालांवर फासायची. "डोळे मीट, पोन्नू. वाळेपर्यंत हलायचं नाही." मग ती तशीच बसून राहायची. वरून पिकल्या फणसाचा दरवळ यायचा, जवळच अक्काचं गुणगुणणं, पाण्याचा आवाज. किती वेळ, कोण जाणे.

डोळे उघडले तेव्हा त्याने रेडिएटरची खालची चावी सोडली होती. पिवळं पाणी उताराने, धुक्यात, संथ निघालं होतं.

तेवढ्यात वरून परईचा डफ वाजू लागला. मयताची संथ चाल.

"दुसऱ्या कुणाकडचं असेल," सेवत्तय्यन म्हणाला.

तिने कान दिला. "आपल्याच वाडीचं आहे."

त्याने घाईघाईने चावी बंद केली, कॅन उचलला. "माझ्या त्या मुठीमुळं..."

ती गुडघे धरत खाली उतरली. तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा तिने इंजिनावर हात ठेवला.

"अजून गरम आहे," ती म्हणाली. "बसा थोडं. आता कसली घाई?"

ती दगडावर टेकली, तो तिच्याशेजारी बसला. तिने पदराने त्याचे ओले हात पुसले.