एक पान शोधून दाखवा

"हे कोणी झाडलं?" मनाली मॅडमनी विचारलं, तशी मालनबाई कंबर सरळ करत पुढे झाली.

"मीच. पहाटे पाचला आले. बघा मॅडम, एक पान शोधून दाखवा."

शोधूनही सापडलं नसतं. करंजाखाली, कडुनिंबाखाली, नव्या बहाव्यांच्या वाफ्यांत नुसती खराट्याच्या रेघा उमटलेली माती. अकराला उद्घाटन. सिडकोतली ही जुनी बाग वर्षभर पत्र्यांआड होती. आता कारंज्याच्या जागी पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा होता, दिवे उन्हावर चालणारे होते, आणि बागेचा आराखडा मॅडमचा होता. पाच झाडूवाल्यांपैकी दोघीच राहणार होत्या. "मॅडम काम बघून हो म्हणतील त्या दोघी," सुपरवायझर शेखर म्हणाला होता, "तेव्हा चकाचक पाहिजे, मावशी." बावीस वर्षांत मालनबाईला चकाचकचा एकच अर्थ ठाऊक होता. पान दिसलं की जुना मुकादम अर्धा दिवस कापायचा.

मॅडम उकिडव्या बसल्या आणि मातीवर हात ठेवला. "अहो, ती पानं मुद्दाम पसरली होती. मातीतली ओल टिकावी म्हणून. महिनाभर गोळा करत होतो आम्ही."

"मावशी, डोकं कुठं ठेवून आलात?" शेखर खेकसला. "मी तुमचं नाव दिलं होतं."

"मला काय स्वप्न पडणार होतं? तूच म्हणाला चकाचक."

"पानं झाडू नका म्हणून वाफ्यावाफ्यात बोर्ड आहेत ना."

"कुठं हायती?" भिकन वॉचमन निफाडकडचा, त्याला गप्प बसवेना. "बोर्ड तर हाफिसात पडले हायती. सोमवारधरनं. प्लॅस्टिकबी काढलं नाय."

शेखरनं त्याच्याकडे असं पाहिलं, की भिकन मुकाट्यानं गेटवर गेला.

"जाऊ दे, रागावू नका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांना कुठून कळणार?"

शेखरच्या खेकसण्यापेक्षा मालनबाईला हेच जास्त लागलं. मागच्या भिंतीशी बावीस वर्षं ती पाचोळा टाकत आली होती. तिथली माती काळीभोर, मऊ झाली होती. तिथलंच मूठमूठ खत नेऊन तिनं घरी पत्र्याच्या डब्यात गुलाब जगवला होता. कोणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

खराट्यानं पाचोळा गोळा होतो, अंथरता येत नाही. पहाटे भिंतीशी टाकलेली पानं ती घमेल्यांनी परत आणत राहिली आणि हातानं पसरत राहिली, तान्ह्या लेकराखाली दुपटं सारखं करावं तशी. साडेदहाला शेखर आला.

"झालं ना? उद्यापासून येऊ नका, मावशी. झुंबरबाई आणि कुसाबाईचं नाव दिलंय मी. आणि आता पंपाच्या खोलीमागं थांबा, पाहुणे जाईस्तोवर. साडी बघा तुमची."

तिथून दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. पाणी किती वाचेल, पाखरं कशी परततील, मॅडम छान सांगत होत्या. मग कोणी मोठा पाहुणा म्हणाला, "प्रत्येक झाडाखाली पानं किती निगुतीनं अंथरलीत बघा. मॅडमचं कौतुक करावं तेवढं थोडं."

टाळ्या पडल्या.

मालनबाई साडीला चिकटलेली पानं एकेक करून काढत होती. ती इथे खाली टाकावीत की नाही, हे विचारायला जवळ कोणी नव्हतं. तिनं ती मुठीत धरून ठेवली.