तिसऱ्या पायरीवरचा 'दि'

मित्रांनो, त्या दिवशी सकाळी मी स्टुडिओच्या जमिनीवर आडवी पडले होते. मी म्हणजे एक घडीची लाकडी शिडी. माझी तिसरी पायरी मधोमध मोडली होती. वर खिडकीला अर्धाच अडकवलेला पडदा लोंबत होता आणि तो सरळ करायला कुणी पुढे येत नव्हतं.

सुतार दाराच्या नव्या चौकटी उतरवून आत आला. त्याच्या बायकोला दवाखान्यात नेऊन अर्धा तास झाला होता. सेटवरचे दिवे सांभाळणारा दिवेवाला पुढे झाला.

"भाऊजी, ताई पडल्या. तुमचा फोन लागतच नव्हता."

कुठला दवाखाना, असं सुतारानं विचारलं नाही. त्यानं आधी माझी तिसरी पायरी पाहिली. मग तो दिवेवाल्याकडे वळला.

"कुठली शिडी घेतली तिनं?"

"हीच की. दोन्ही सारख्याच दिसतात ना."

तेवढ्यात दिवेवाल्याचा फोन वाजला. तो "हो" म्हणाला. पुन्हा "हो" म्हणाला. पलीकडचं बोलणं संपलं तरी त्यानं फोन कानालाच धरून ठेवला. खाली घेतला की सुताराला सांगावं लागणार होतं.

ही गोष्ट मी तुम्हाला पहिल्यापासून सांगते. माझ्याशिवाय ती एकालाच माहीत आहे आणि तो बोलत नाही.

आम्ही जुळ्या बहिणी. सुतारानं एकाच लाकडातून, एकाच आठवड्यात आम्हा दोघींना घडवलं. प्रत्येकीला सात पायऱ्या आणि पितळी बिजागऱ्या. त्याची बायको चित्रपटांचे सेट सजवायची. भिंती आणि दारं सुतार करायचा. त्यांत माणसं राहतात असं वाटायला लावणं तिचं काम. आम्हाला आणलं तेव्हा आम्ही कोऱ्या करकरीत होतो. तिनं आमच्याकडे पाहून नाक मुरडलं.

"अहो, ह्या तर नवऱ्या मुली दिसतात. मला आजीबाई पाहिजेत."

मग दोन दिवस तिनं आम्हाला घासलं, रंगवलं, पुन्हा घासलं. हात जिथे लागतो तिथेच वस्तू म्हातारी होते, असं ती म्हणायची. म्हणून कडा झिजवल्या, कोपरे तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी आम्ही खरोखरच आजीबाई झालो आणि सगळे आम्हाला त्याच नावानं हाक मारू लागले.

पडदे ती चहाच्या पाण्यात बुडवून जुने करायची. टेबलाच्या बंद खणातसुद्धा झिजलेली पेन्सिल, एखादी किल्ली, तुटलेलं बटण ठेवायची.

"खण उघडणार कोण?" सुतार विचारायचा.

"कुणी नाही. पण त्या टेबलाशी बसणाऱ्याला ठाऊक असतं ना, आत काहीतरी आहे."

सेटवर अर्धं जग खोटं असतं, मित्रांनो. खुर्ची असते, पण तिच्यावर बसायचं नसतं. कठडा असतो, पण त्याला टेकायचं नसतं. म्हणून तिनं एक पद्धत घातली होती. ज्या वस्तूवर भार टाकता येतो तिच्यावर 'वा' लिहायचं, म्हणजे वापरायची. जी नुसती कॅमेऱ्यापुरती तिच्यावर 'दि', म्हणजे दिसायची. पांढऱ्या रंगात, बोटभर अक्षर. एकदा दिवेवाल्यानं गुपचूप व्यवस्थापकाच्या खुर्चीमागे 'दि' लिहिला होता. साहेब दोन आठवडे त्या खुर्चीवर बसले आणि लोक हसू दाबत त्यांच्या मागून जात राहिले.

"माझ्यावर काय लिहिशील?" सुतारानं तिला विचारलं होतं.

"तुमच्यावर 'वा'. अजून भार पेलताय. कुरकुरता, पण पेलताय."

त्या पहिल्या वर्षाएवढं लाडाचं वर्ष मला पुन्हा मिळालं नाही.

मग एकदा दिव्याचा लोखंडी खांब माझ्या अंगावर पडला. तिसऱ्या पायरीला भेग गेली, केसासारखी बारीक. कुणाच्या लक्षातही आली नसती. तिनं बोटाच्या पेरानं पायरीवर टकटक केलं आणि कान लावला.

"ही आतून गेली," ती म्हणाली. "अहो, नवी पायरी बसवा हिला."

"बसवतो."

"कधी?"

"बसवतो म्हटलं ना. इथेच आहे मी, कुठे पळून चाललोय?"

तोवर तिनं माझ्या तिसऱ्या पायरीवर 'दि' लिहिला. अगदी समोर, कारण शिडीला लपवायची जागा नसते. माझ्या बहिणीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, शिडी वापरायचीच असते; ती कामाला जात राहिली आणि मी कोपऱ्यात उभी राहू लागले. नवी पायरी आली नाही. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला होता. नुसतं दिसायचं म्हणजे काय जगणं, असं वाटायचं. आज वाटतं, त्या एका अक्षरानं मला आणि सुताराच्या बायकोला, दोघींना सांभाळलं होतं.

त्यानंतर पुस्तकांच्या दुकानाचा सेट लागला. माझी बहीण अंगणात रंगाऱ्यांकडे होती, म्हणून मला कपाटाशी उभं केलं. सुताराची बायको पडदे आणायला बाहेर गेली होती. कॅमेरा खालून लावला आणि दिग्दर्शकाचा त्या दिवसापुरता आलेला सहायक ओरडला, "ते पांढरं काय दिसतंय शिडीवर? आणि ती भेग? भाऊजी, दोन मिनिटांत घालवा!"

सुतारानं लांबीची पुट्टी भरून भेग बुजवली, घासली, वरून तपकिरी रंगाचा हात फिरवला. 'दि' त्या रंगाखाली गेला. त्याचं काम नेहमीच सफाईदार.

"वा भाऊजी!" सहायक म्हणाला. "ओळखूच येत नाही!"

सुतार हसला. कौतुक कुणाला आवडत नाही?

शॉट झाला. तिचा एक नियम सगळ्यांना पाठ होता : खूण पुसली तर आधी ती परत लिहायची, मग चहा. पण त्याच वेळी चहा आला. ब्रश धुऊन झाला होता, डबा बंद झाला होता. सुतारानं कप हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "सकाळी लिहितो."

सकाळी तो आधी चौकटी आणायला गेला.

ती नऊला आली. दोन्ही हातांत पडदा होता. ती माझ्यापाशी थांबली, वाकली आणि तिसरी पायरी नीट पाहिली. रोजच पाहायची. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे तिच्या लेखी मी माझी बहीण होते.

"चला आजीबाई," ती म्हणाली.

वर चढताना तिसऱ्या पायरीनं तिला पेललं. मी सगळं बळ एकवटून धरलं होतं. पडदा अर्धा अडकवून ती खाली उतरू लागली तेव्हा मला धरता आलं नाही.

ती दवाखान्यातून परत आलीच नाही. लोक भेटायला आले. बोलणं फिरत फिरत एकाच ठिकाणी यायचं. "बाई एवढी काटेकोर, पण स्वतःच खूण करायला विसरली." सुतार खाली मान घालून ऐकायचा. त्यांची मुलगी मात्र चवताळून उठली होती. "आई विसरणं शक्य नाही. बाबा, तुम्ही सांगा ना ह्यांना. तिनं लिहिलं होतं ना?"

सुतार म्हणाला, "मी पाहिलं नाही."

हे तीनच शब्द. त्यानंतर मुलगी हळूहळू शांत झाली. आता तीसुद्धा म्हणते, "दमली असेल. विसरली असेल." स्टुडिओत नवीन माणूस आला की त्याला सांगतात, खूण विसरू नकोस, नाहीतर ताईंसारखं होईल. जी बाई बंद खणातलं बटणसुद्धा विसरत नसे, तिच्या नावावर हे विसरणं लागलं आहे.

सुतारानं मला घरी आणलं. त्याला मला जाळता येईना आणि मोडकी बघवेना. त्यानं पायरीचे दोन तुकडे सरस लावून जोडले, लांबी भरली, तपकिरी रंग दिला. हाताची सवय. मी पुन्हा धडधाकट दिसते. मी धडधाकट नाही.

मित्रांनो, वस्तूंना बोलता येत नाही. आम्ही किती भार पेलू शकतो हे तुम्ही आमच्यावर लिहाल तेवढंच जगाला कळतं. ती खूण कधी कुणाला पुसावी लागली, तर हातातला ब्रश खाली ठेवण्याआधी परत लिहा. आणि ज्यानं पुसली त्यानं सांगावं, की मी पुसली.

मुलीनं आता आईचं काम हाती घेतलं आहे. काल तिचा फोन आला होता. "बाबा, सोमवारी मी आईची शिडी न्यायला येते. वापरीन म्हणते. घरात नुसती उभीच असते ना?"

"हं," सुतार म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसला. ब्रश माझ्या तिसऱ्या पायरीपर्यंत आला. 'दि' लिहिला, तर मुलगी विचारणार, हा आत्ता का लिहिला? रंगावर साय धरली. त्यानं झाकण लावलं.

आज शनिवार आहे. पायरी बदललेली नाही. मुलीला सांगितलेलं नाही. 'दि' अजून लिहायचा राहिला आहे.