सदतीस अंशांची ऊब

मित्रांनो, मी एका लष्करी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला जुना इनक्युबेटर आहे. लोखंडी अंग, दुहेरी दार आणि पोटात कायम सदतीस अंशांची ऊब, अगदी माणसाच्या अंगाइतकी. जवानांच्या जखमेतला पू काचेच्या बशीत लावून माझ्या पोटात ठेवत. तिथे जंतू वाढत. बशीत सात औषधांच्या सात चकत्या असत. जिच्याभोवती स्वच्छ कडं उमटेल, ते औषध लागू पडणार.

माझा सांभाळ तंत्रज्ञ बाईंकडे होता. बोलणं मोजकं, नजर घारीची. माझं दार कुणी आपटलं तर त्या अशा बघायच्या की पुन्हा आपटायची त्याची टाप नसे.

एका सकाळी त्यांनी एका ट्रकचालक जवानाची बशी उजेडात धरली. त्याच्या पोटरीत पत्र्याचा तुकडा घुसला होता, जखम बोटभर. पण एकाही चकतीभोवती कडं नव्हतं. सातांपैकी एकही औषध लागू पडणार नव्हतं. मग त्यांनी मागच्या तीन महिन्यांची नोंदवही चाळली. असेच आणखी पाच जवान निघाले. आलेले वेगवेगळ्या ठाण्यांवरून, पण मलमपट्टी सगळ्यांची एकाच वॉर्डात झालेली.

तो वॉर्ड बंद करा, असं सांगायला त्या तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तोंड पाडून परतल्या. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की जखमा बाहेरच्या, तेव्हा जंतूही बाहेरचेच. आणि वॉर्ड बंद केला तर जखमींना ठेवायचं कुठे?

बाईंनी हट्ट सोडला नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या वॉर्डातले खाटांचे कठडे, नळ, ट्रॉल्या कापसाच्या काडीने पुसून नमुने आणत. चौथ्या दिवशी चालकाचा पाय कापल्याचं कळलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. सहाव्या दिवशी मलमपट्टीच्या खोलीतल्या बेसिनच्या जाळीवरून घेतलेल्या नमुन्यात तोच जंतू उगवला. जखमा धुतलेलं पाणी तिथेच ओतत आणि हातही तिथेच धूत.

सातव्या दिवशी चालक गेला. विष रक्तात भिनलं होतं.

त्याची बायको रिपोर्ट न्यायला आमच्या खोलीत आली. "गोळी लागली नाही, बाँब पडला नाही," ती म्हणाली. "मग हे गेले कशानं?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "इथल्या बेसिनमधल्या जंतूनं. आम्हाला ते उशिरा कळलं."

मोठे डॉक्टर दारात उभे होते. "यांना आधीच कळलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."

रिपोर्टाच्या चार घड्या घालून तिने तो मुठीत धरला आणि निघून गेली.

त्याच दुपारी बेसिन उखडलं, वॉर्ड रिकामा झाला. पुढे असा जंतू कुठल्याही लष्करी रुग्णालयात दिसला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवायची पद्धत पडली. बाईंचं कौतुक झालं. त्यांनी ते कानाआड केलं.

आता नवं यंत्र आलंय. मी जिन्याखाली पडून आहे, पोटात रद्दी भरलेली. एक गोष्ट मात्र मला खात राहते. ज्या उबेत मी तो जंतू वाढवला, तीच ऊब त्या जवानाच्या अंगात होती.

मित्रांनो, जरा बरं वाटलं म्हणून औषध मनाने अर्ध्यावर सोडू नका. त्यातून तगलेले जंतू पुढे दुसऱ्याच्या जखमेत शिरतात. हात नीट धुवा. आणि कमी हुद्द्याचं माणूस दारात येऊन म्हणालं की काहीतरी बिनसलंय, तर त्याचं त्याच दिवशी ऐका. सहा दिवस फार होतात.