कोर्टाच्या किल्लीचा कौल

पिकेट्स गॅपच्या कोर्टात त्या आठवड्यात खटले बंद आणि दर्शन चालू होतं. जुने न्यायाधीश पेन्शनीत गेलेले, नवा यायचा होता, आणि तो कोण हे देव जातीने सांगतोय म्हटल्यावर घरी कोण बसणार? डोंगरापलीकडून माणसं पीच-पाय या गोड पदार्थाची भांडी मांडीवर घेऊन आली होती.

मधोमध रेव्हरंड ऑर्विल स्पेक उभे होते. समोर मिस हॅटी गॉफ, निवड समितीच्या अध्यक्ष, वय वर्षं एक्याऐंशी. एका लोखंडी किल्लीचा दांडा जाडजूड बायबलात खुपसून वरून सुतळीने करकचून आवळला होता, आणि बाहेर राहिलेली किल्लीची कडी दोघांच्या बोटांच्या टोकांवर टेकली होती. पुस्तक मध्ये अधांतरी लोंबत होतं; ज्या उमेदवाराच्या नावाला ते वळेल, तो देवाने निवडलेला.

"हे दयाघना," रेव्हरंडांनी डोळे मिटले, "तू ढग हलवतोस, डोंगर हलवतोस, माझ्या गुडघ्यातला वातसुद्धा हलवतोस. हेही हलव. एडिथ कॅन्ट्रेल?"

पुस्तक ढिम्म.

"लूथर पॉट्स?"

ढिम्म.

"ब्यूफर्ड स्लोन?"

झोपलेल्या गाईने कूस बदलावी तसं बायबल सावकाश वळलं. "हालेलुया" म्हणता म्हणता एकीच्या मांडीवरचं भांडं जमिनीवर पालथं झालं. ब्यूफर्ड स्लोन म्हणजे रेव्हरंडांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, हे त्या गडबडीत कुणी बोललं नाही.

"उद्या सकाळी समितीसमोर शेवटचा कौल," मिस हॅटी डोळे पुसत म्हणाल्या. "तो लागला की नाव राज्यपालांकडे. मुलाखती नकोत. देवाने घेतलीय मुलाखत."

शेवटच्या बाकावर मार्डेल ट्रुइट लेकीला घेऊन बसली होती. वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवून द्यायचं काम ती करायची. तिची आठ वर्षांची जूनी शाळेत रोज सकाळी दहा मिनिटं एकटी बाहेर व्हरांड्यात उभी असायची, कारण वर्गाची प्रार्थना मोठ्याने म्हणायला ती तयार नव्हती. ट्रुइटांच्या घरात प्रार्थना मनातल्या मनात, गप्प बसून करायची रीत. मार्डेलने कोर्टात अर्ज टाकला होता आणि तो नव्या न्यायाधीशापुढेच यायचा होता. स्लोनसाहेबांनी तर न्हाव्याच्या दुकानात आधीच सांगून टाकलं होतं, "व्हरांड्यात हवा छान असते."

"आई," जूनी कानात म्हणाली, "देवाला माझा राग आलाय का?"

"कशावरून गं?"

"पुस्तक त्या काकांकडे वळलं ना."

मार्डेलने तिच्या कानामागे बट सारली. एवढंसं पोर, आणि सगळ्या परगण्याचा देव हिच्या अंगावर सोडलाय. ती उठली.

"रेव्हरंड, एक विचारू? देवाला बंद पाकिटातलं दिसतं का?"

"पोरी, त्याला बंद काळजातलं दिसतं."

"मग उद्या नावं मोठ्याने कशाला घ्यायची? पाकिटात घालू या. कुठल्या पाकिटात काय, हे कौल लावणाऱ्यांना ठाऊक नको. म्हणजे उद्या कुणी वाकडं बोलायला नको."

"उत्तम सुचवलंस," मिस हॅटी म्हणाल्या. रेव्हरंडांचं हसू जरा घसरलं, पण एवढ्या गर्दीत देवाची नजर अधू आहे असं कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल दाराबाहेर ओसंडत होता. जूनीने तीन जाड निळी पाकिटं टेबलावर मांडली. "पहिलं," मार्डेलने ते उचलून धरलं. रेव्हरंडांनी प्रार्थना केली, एक डोळा किलकिला करून मार्डेलचा चेहराही वाचला. चेहरा कोरा. पुस्तक ढिम्म. "दुसरं." त्याच क्षणी जूनीला हसू आवरेना, तिने तोंडावर हात दाबला. रेव्हरंडांना तेवढी खूण पुरली; स्लोनसाहेबांचं पाकीट हेच, असं त्यांनी ताडलं. बायबल गर्रकन वळलं.

"वाचा," मिस हॅटी म्हणाल्या.

कोर्टाच्या कारकुनाने चिठ्ठी उघडली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लुलाबेल."

"कोण लुलाबेल?"

"तुमची डुकरीण, मिस हॅटी. जत्रेत पहिली आलेली."

मागून कुणीतरी म्हणालं, "निदान खटल्यात झोपणार तरी नाही." आणि हशाचा लोंढा फुटला.

"फसवणूक आहे ही," रेव्हरंड गरजले. "हिने नाव बदललं. म्हणून कौल चुकला."

"उरलेली दोन्ही उघडा," मार्डेल म्हणाली. दोन्हींत लुलाबेल, जूनीच्या रंगीत खडूने लिहिलेली, एकीला शेपूटही काढलेलं. "फसवलं मी तुम्हाला, रेव्हरंड, ते कबूल. पण देवाला कसं फसवलं? त्याला पाकिटातलं दिसत होतं ना? मग पुस्तकाने दोन्ही वेळा ढिम्म राहायला हवं होतं."



मिस हॅटींचा चेहरा रडवेला झाला. "अगं मार्डेल, मी बोट हलवलं नाही. आईची शपथ."

"तुम्ही नाही हलवलंत, मिस हॅटी. ते हललं. एवढं जड पुस्तक दोन बोटांच्या टोकांवर तोललेलं, बोट तीळभर सरकलं तरी ते हातभर वळतं. आणि मनात जे असतं त्या बाजूला बोट आपल्या नकळत सरकतं. ज्याला मुद्दाम सरकवायचंय त्याचं तर विचारूच नका." तिने दोन खुर्च्या पाठीला पाठ करून, मध्ये बोटभर फट ठेवून मांडल्या आणि किल्लीची कडी त्यांच्या काठांवर टेकवली. "हं, आता विचारा."

रेव्हरंडांनी विचारलं. विनवलं. घसा ताणून स्लोनसाहेबांचं नाव अकरा वेळा घेतलं. बायबल लोंबत राहिलं.

"खुर्च्यांना मेव्हणा नसतो ना," जूनी म्हणाली.

मिस हॅटींनी डोळे पुसले, कंबर सरळ केली आणि मुलाखती लावल्या. पहिलाच प्रश्न, वर्गाची प्रार्थना न म्हणणारं पोर कुठे बसेल? स्लोनसाहेबांनी हवेचं सांगितलं. पॉट्स म्हणाले, ते शाळेला विचारा. एडिथ कॅन्ट्रेल म्हणाली, "आपल्या बाकावर. दुसरीकडे कुठे बसणार?" तिचं नाव राज्यपालांकडे गेलं, न्यायाधीश होऊन तिने मार्डेलचा अर्ज मंजूर केला, आणि पानगळीच्या सुमारास जूनी आपल्या बाकावर बसली, गप्प, डोळे मिटून, मनात काय ते तिचं तिला ठाऊक.

मुलाखती संपल्यावर कारकुनाने सुतळी सोडली आणि किल्ली खिशात टाकून तो तळघराकडे धावला. कोर्टाच्या संडासाची ती एकुलती एक किल्ली होती. चार दिवस अख्खा परगणा रस्त्यापलीकडच्या खानावळीत जात होता, आणि दैवी कार्यात व्यत्यय नको म्हणून कुणी ब्र काढला नव्हता.

देव मानायचा की नाही, मानला तर मोठ्याने की मनात, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कुणी तुमच्या बोटांवर देवाचं मत तोलून दाखवू लागला, तर एवढं करा. बोटं काढून घ्या, आणि पुस्तक आधी दोन खुर्च्यांवर टांगून बघा.