पानात टाकू नये

रत्नम्माच्या घरात पानात टाकायची सोय नव्हती. अन्न म्हणजे गळ्यातल्या इष्टलिंगाला दाखवलेला प्रसाद. ताट बोटानं निपटायचं, त्यात पाणी ओतून तेही पिऊन टाकायचं. या घरचं मांजर एक दिवस उपाशी मरणार, असं शेजारणी म्हणायच्या आणि रत्नम्माला त्याचाही अभिमान वाटायचा.

अशा घरात गौरम्मा सून म्हणून आली आणि चौथ्याच घासाला हात आखडायला लागली.

"पोट भरलं, आत्याबाई."

"चार घासात? चिमणी हायस व्हय गं?"

अक्कलकोटच्या सुखवस्तू घरातली लेक, तिला आपली भाकरी गोड लागत नाही, अशी रत्नम्मानं मनाशी खूणगाठ बांधली. रोज ती समोर बसून अख्खी भाकरी संपवून घेई. गौरम्मा संपवायची, ताट धुऊन प्यायची आणि दुपारभर पोट धरून कोपऱ्यात बसायची. कामाच्या वेळी बरं दुखतं, असं रत्नम्मा वर ऐकवायची.

तिसऱ्या वर्षी पोरीची पार काडी झाली. मग मुलगा चनबसप्पा दोघींना घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी सकाळी गौरम्माला पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले, दुपारी पुन्हा काढले.

"सकाळचं अजून पोटातच आहे," ते म्हणाले. "हिचं पोट फार सावकाश रिकामं होतं. दुखत असताना एवढं खायचं कशाला?"

गौरम्मा खाली बघत म्हणाली, "परसाद टाकू न्हाय की."

थोडं थोडं, मऊ, दिवसातून पाच वेळा द्या, असं सांगून डॉक्टर उठले. रत्नम्मा मात्र जागची हलेना. तीन वर्षं आपण भरल्या पोटावर भाकऱ्या रचत होतो, या विचारानं तिला स्वतःची किळस आली.

गौरम्मा बरी व्हायला माहेरी गेली. दोन महिन्यांनी रत्नम्मा तिला आणायला निघाली. डब्यात गुरगुट्या भात होता. माफी कशी मागायची, ते शब्द तिनं एस.टी.त वाटभर जुळवले.

ती दारात पोचली तेव्हा गौरम्मा जेवत होती. पुढ्यात वाटीभर भात होता, गालही जरा भरले होते.

"गौरा," रत्नम्मानं हाक मारली.

सुनेनं वर पाहिलं. घाईघाईनं तिनं टोपलीतली अख्खी भाकरी ताटात ओढली आणि मान खाली घालून मोडायला लागली.

रत्नम्मा तिच्यापुढं बसली. "ऱ्हाऊ दे. टाक पानात," ती म्हणाली. "टाक की गं, माझे बाई."

गौरम्मा घास गिळत राहिली.