तेवीस अंश

ऐन गळीत हंगामात, सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, चहाच्या सुट्टीत लोरेटा क्वालियाताच्या फोनवर विद्यापीठाचं पत्र आलं. उत्तर क्वीन्सलँडमधल्या खाडीकाठच्या एका साखर कारखान्यात ती एकोणीस वर्षं फिटर होती. त्यातली शेवटची आठ वर्षं नोकरी सांभाळून ऑनलाइन मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी करत होती. एका सत्राला एक विषय, फार तर दोन. मधल्या काळात घटस्फोट झाला, आई गेली, मुलगी बारावीला आली, पण अभ्यास काही सुटला नाही. आता फक्त शेवटचा प्रकल्प उरला होता, आणि त्याचा अहवाल तिने ऑगस्टमध्येच पाठवला होता.

पत्रात म्हटलं होतं, की तिच्या अहवालाचा एकाहत्तर टक्के मजकूर एका छापील निबंधाशी जुळतो. ही चोरी मानली जाईल. तीन आठवड्यांनी समितीपुढे सुनावणी, आणि दोषी ठरली तर प्रकल्पही जाईल, पदवीही. खाली त्या निबंधाची लिंक दिली होती.

तिने ती उघडली. साखर तंत्रज्ञांच्या वार्षिक परिषदेत वाचलेला निबंध होता. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरच्या दातेरी चाकात चोथा साचून साखळी उतरू नये म्हणून बसवलेल्या खरवडपट्टीविषयी. लेखक, ग्रँट हॉलिस, मुख्य अभियंता. म्हणजे तिचाच साहेब. आकृत्या तिच्या, कोष्टकं तिची, वाक्यंसुद्धा तिचीच. तिसऱ्या फोटोत पट्टी धरलेला जो हातमोजा दिसत होता, त्याच्या आतला हातही तिचाच होता.

एप्रिलमध्ये तिनेच आपला कच्चा मसुदा ग्रँटला वाचायला दिला होता. एकदा नजर टाक, चुका काढ, म्हणाली होती. तिच्या अभ्यासाच्या रजेच्या अर्जांवर तोच सही करायचा. त्याने मसुदा दोन दिवसांत परत केला. स्वल्पविराम तेवढे दुरुस्त केलेले होते.

समोर बेव्हन पाव खात बसला होता. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, लोडर चालवायचा. तिचा चेहरा बघून त्याने विचारलं, कोण गेलं? तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. तो चष्मा लावून सावकाश वाचत राहिला, आणि ती तोवर थांबलीही नाही. तरातरा जिना चढून ग्रँटच्या खोलीत गेली.

ग्रँटने आधी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. मग तो म्हणाला, की कारखान्याच्या वेळेत केलेलं काम कारखान्याचं असतं, आणि निबंधावर कुणाचं तरी नाव घालावंच लागतं. शेवटी आभारात 'देखभाल विभागाचे सहकार्य' असं लिहिलंय की.

"विभागाचं?" लोरेटा म्हणाली. "सहा रविवार मी त्या चाकाखाली पालथी पडले होते, ग्रँट. विभाग तेव्हा मासे पकडायला गेला होता."

"चिडू नकोस. मी विद्यापीठाला पत्र देतो. माझं काम वापरायची परवानगी मी तुला दिली होती, असं. प्रकरण मिटेल."

"तुझं काम?"

"शब्दांत अडकू नकोस. तुला पदवी हवीय ना?"

ती तडक खाली आली आणि त्या दुपारी तिने इतक्या जोरात बोल्ट आवळले, की दोन तुटले.

घरी तिची मुलगी टेगन म्हणाली, की पत्र घे, आई. आठ वर्षं झाली. माझ्या पोहण्याच्या स्पर्धांना तू लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचीस. घे आणि संपव. पोरीचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच लोरेटाचा जास्त जळफळाट झाला. चोराकडून आपल्याच वस्तूची भीक मागायची आणि वर आभार मानायचे! तिने ग्रँटला एका ओळीत कळवलं, की पत्र नको.

सुनावणीच्या दिवशी कारखाना साफसफाईसाठी बंद होता. लोरेटा चहाच्या खोलीत फोन भिंतीला टेकवून बसली. पडद्यावर समितीचे तीन चेहरे होते. मधल्या प्रोफेसर हेस्लप, कोरड्या आवाजाच्या. त्यांनी ग्रँटकडून मागवलेला लेखी जबाब वाचून दाखवला. 'श्रीमती क्वालियाता यांनी पट्टी बसवण्याच्या कामात मदत केली.'

लोरेटाने घरी तयार केलेलं भाषण टेबलावर होतं. तिने ते उलटं ठेवलं.

"मॅडम, निबंधात पट्टीचा कोन किती लिहिलाय?"

"तेवीस अंश. गणिती प्रारूपातून सर्वोत्तम ठरलेला, असं म्हटलंय."

"गणिताने तीस येतात. माझ्या अहवालाच्या चौदाव्या पानावर बघा. तीस अंशांची पट्टी इथे बसतच नाही. का, ते दाखवते. चला माझ्याबरोबर."

हे नियमात बसतं का, असं डावीकडचा चेहरा विचारू लागला, तोवर ती फोन घेऊन चालू लागलीसुद्धा होती. कुलूप घालून बंद केलेल्या कन्व्हेयरपाशी तिने सांगाड्याच्या डाव्या पायाला बुडबुड्याची लेव्हल लावली आणि फोन त्या लेव्हलसमोर धरला. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

"हा पाय वाकडा आहे. त्यामुळे वरचा बोल्ट आत येतो आणि पट्टीला आडवा जातो. तो चुकवत चुकवत मी तेवीसवर आले. गणित नाही, तडजोड आहे ती. पान पंधरा. कच्च्या मसुद्यात हे नव्हतं."

साफसफाईला आलेला बेव्हन मागून पुढे झाला. "पाय मी वाकवलाय," तो फोनकडे बघून म्हणाला. "लोडर मागे घेताना. अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. हिने शोधून काढलं."

आवाज ऐकून ग्रँट जिन्यापाशी आला होता. लोरेटाने फोन त्याच्याकडे वळवला. प्रोफेसर हेस्लप यांनी त्याला शांतपणे विचारलं, की तुमच्या प्रारूपात हा वाकडा पाय कुठे धरलाय? तो म्हणाला, आकडे संगणकाने काढलेत. त्यांनी पुन्हा विचारलं, पण पाय? त्याने घड्याळ बघितलं, मीटिंग आहे म्हणाला आणि निघून गेला.

दहा दिवसांनी निकाल आला. आरोप मागे घेण्यात आला होता, 'पुरेशा पुराव्याअभावी'. माफीचा शब्द नव्हता. निबंधाविषयी विद्यापीठाला काही अधिकार नाही, असंही लिहिलं होतं. लोरेटाने ते उभ्याउभ्या वाचलं आणि सरळ हेस्लपना फोन लावला.

"पुरावा कमी पडला, म्हणजे मी चोर असेनही, एवढंच ना?"

त्या म्हणाल्या, की व्यक्तिशः त्यांना खात्री आहे, पण पत्राची भाषा ठरलेली असते.

"तुमची व्यक्तिशः खात्री मी कुठे दाखवू? माझ्याकडे दाखवायला एक वाकडा पाय होता म्हणून वाचले. ज्याच्याकडे नसेल त्याचं काय?"

हेस्लप म्हणाल्या, की हा प्रश्न लेखी द्या, मी बैठकीत मांडते. लोरेटाने त्याच संध्याकाळी चार पानं लिहून पाठवली. परिषदेलाही लिहिलं. परिषदेने निबंधावर तिचं नाव घातलं, पण दुसरं, ग्रँटच्या खाली. तिने कळवलं, की एक तर पहिलं लावा, नाही तर काढून टाका. त्यांनी काढून टाकलं. ग्रँटचं मात्र तसंच राहिलं.

डिसेंबरात पदवी मिळाली. कारखान्याच्या व्यवस्थापकाने बोलावून कनिष्ठ अभियंत्याची जागा देऊ केली, ग्रँटच्या हाताखाली. लोरेटाने तिथल्या तिथे राजीनामा दिला आणि दक्षिणेला, गाडीने पाऊण तासावरच्या दुसऱ्या कारखान्यात लागली. निरोपाच्या दिवशी ग्रँट हात मिळवायला पुढे आला. तिने दोन्ही हातांत अवजारांची पेटी धरली होती, ती खाली ठेवली नाही.

फेब्रुवारीत विद्यापीठाने तिला नव्या नोकरदार विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द लिहायला सांगितले. होनियारा या बेटावरच्या शहरातला एक वीजतंत्री, डार्विनमधली एक सैनिक, जहाजावर काम करणारा टोंगा बेटांवरचा एक जण, असे चाळीसेक जण त्या गटात होते. दिवसभर राबून उरल्यासुरल्या वेळात शिकणारे. तिने लिहिलं: कामावरचं काहीही अहवालात घालणार असाल तर तारीख टाका, सही करा, आणि विद्यापीठाकडे जाईपर्यंत साहेबाला दाखवू नका.

हे वाक्य तिला मुळीच आवडलं नाही. शिकायला बसलेल्या माणसाला पहिला धडा हा द्यायचा? तिने ते दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा मात्र तसंच ठेवलं, आणि संताप आवरत पाठवायचं बटण दाबलं.