मेलेला सरदार

आमच्या भावजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं, नाव झालं ते एका जपानी चित्रपटावर लिहून. त्या काळी समीक्षकांसाठी सकाळी वेगळा खेळ ठेवायचे. भावजी दैनिकात लिहीत, मी महिलांच्या साप्ताहिकात. बसायचो एकाच रांगेत, शेंगदाणे वाटून खात.

जुन्या लढायांचा लांबलचक चित्रपट होता तो. त्यातला म्हातारा सरदार नदीकाठी बाण लागून मेला आणि थोड्या वेळाने घोड्याला चारा घालत उभा! रिळं उलटसुलट लागली होती, दुसरं काय? मी तसंच लिहिलं. भावजींनी लिहिलं, ‘इथे काळ सरळ चालत नाही; मृत्यू हाच आरंभ आहे.’ बाकीच्यांनी त्यांचीच री ओढली. आठवड्यात चित्रपट उतरला, रिळांचे डबे परत गेले. भावजींचा लेख मात्र अभ्यासक्रमाला लागला.

“वहिनींना डुलकी लागली होती,” असं ते एकदा हसत म्हणाले आणि ते मला जन्माचं चिकटलं. चार माणसं जमली की कुणीतरी विचारणारच, “काय, जाग्या आहात ना?”

यंदा त्या चित्रपटाची स्वच्छ केलेली प्रत आली. भावजींच्या मुलीने तिच्या फिल्म क्लबात खेळ ठेवला. मी मुद्दाम भावजींच्या शेजारी बसले. सरदाराने घोड्याला चारा घातला, मग नदीकाठी गेला, मेला. आणि मेलेलाच राहिला. मी कोपराने ढोसलं, “बघितलंत?”

“श्श.”

दिवे लागले. पुतणीने माईक बापाच्या हातात दिला.

“सगळी वाट लावली यांनी,” भावजी म्हणाले. “मूळ कलाकृती सरळ करून टाकली.”

टाळ्या! पुढच्या रांगेतली एक मुलगी कळवळून म्हणाली, “सर, मूळ क्रम परत मिळणार नाही का?”

मी उठलेच. “अगं, मूळ क्रम हाच! तेव्हा रिळं चुकली होती!”

“काकू,” पुतणी लाडाने म्हणाली, “तुम्ही तेव्हा झोपला होतात ना?”

सभागृह हसलं. भावजी हसले नाहीत.

जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. हळूच म्हणाले, “चाऱ्याचा प्रसंग मरणाच्या आधी आला की जास्त लागतो हो मनाला.”

“मग हे वर का नाही बोललात?”

“आता या वयात?” मागून पुतणी येताना दिसली, तसा त्यांचा आवाज चढला. “सांभाळून, वहिनी. जाग्या आहात ना?”

मी त्यांचा हात सोडला आणि कठडा धरला.